लहान मुलांसह युरोपात सायकल सहल: मार्ग, व्हिसा, नियम आणि तयारी

मुलुंडमध्ये सहा वर्षांच्या मुलाला सायकल येते, पण ती चालवायची कुठे, हा प्रश्न असतो. सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या होतात. गेटबाहेर रिक्षा, दुचाक्या आणि दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या. लाल बहादूर शास्त्री मार्गावर तर मोठी माणसेही सायकल काढताना दहा वेळा विचार करतात. त्याच वयाची मुले युरोपात आईवडिलांबरोबर सायकलवरून दोन-तीन देश पार करतात, असे व्हिडिओ मोबाइलवर दिसतात तेव्हा पहिली प्रतिक्रिया असते, ‘काय धाडस आहे!’

प्रत्यक्षात त्यात धाडसाचा वाटा थोडा असतो. बरेचसे काम रस्ता करतो आणि उरलेले नियोजन. ही सहल नेमकी कशी होते, मुंबईतल्या कुटुंबाला त्यासाठी काय लागते आणि कुठे चुका होतात, ते पाहू.

विक्रम वेगळा, सहल वेगळी

मुंबई आणि महाराष्ट्राला लांबच्या सायकल प्रवासाची जुनी परंपरा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पूर्ण केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईत परतले. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी सुमारे २९,००० किलोमीटरची जगफेरी १५९ दिवसांत केली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली.

या सगळ्यांचा हिशेब अंतराचा आणि वेळेचा होता. मुलांबरोबरच्या सहलीत हा हिशेब उलटा होतो. तिथे सर्वांत लहान प्रवासी वेग ठरवतो. त्याला भूक लागली की थांबायचे, झोप आली की थांबायचे, नदीत दगड टाकावेसे वाटले तरी थांबायचे. त्यामुळे मोठी माणसे सात दिवसांत जे अंतर कापतात, त्याला कुटुंबाने बारा ते चौदा दिवस धरावेत.

युरोपात हे शक्य कशामुळे होते?

युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशन या संस्थेच्या पुढाकाराने ‘युरोवेलो’ नावाचे लांब पल्ल्याच्या सायकल मार्गांचे जाळे उभे राहिले आहे. त्यात १७ मार्ग असून सगळे पूर्ण झाल्यावर एकूण लांबी ९० हजार किलोमीटरच्या पुढे जाते. प्रत्येक मार्गाला क्रमांक आहे आणि वळणावळणावर पाट्या आहेत. अर्थात, सगळा मार्ग गाड्यांपासून वेगळा नाही. काही टप्पे कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून, तर पूर्व युरोपातले काही टप्पे गाड्यांच्या रस्त्यांवरूनही जातात. म्हणून मुलांसाठी मार्ग निवडताना केवळ ‘युरोवेलो’ हे नाव पाहून भागत नाही. त्या टप्प्यावर स्वतंत्र सायकलपट्टा आहे की नाही, ते पाहावे लागते.

हे रस्ते युरोपात पहिल्यापासून नव्हते. नेदरलँड्सचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही गाड्या वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी अपघातात गेली. त्याने १९७२ मध्ये लिहिलेल्या लेखाच्या मथळ्याचा अर्थ होता, ‘बालहत्या थांबवा’. त्याच नावाने पालकांचे आंदोलन उभे राहिले. पालक मुलांना घेऊन रस्त्यात बसले, गल्ल्या गाड्यांसाठी बंद केल्या. १९७३ च्या तेलटंचाईने त्याला जोर मिळाला. पुढच्या काही दशकांत सरकारने आणि शहरांनी सायकलींसाठी वेगळे रस्ते बांधले. आज तिथे असे ३५ हजार किलोमीटरहून अधिक सायकलपट्टे आहेत आणि लोकसंख्येपेक्षा सायकली जास्त आहेत.

पहिल्या सहलीसाठी मार्ग: पासाऊ ते ब्रातिस्लावा

लहान मुलांसाठी सर्वाधिक सुचवला जाणारा मार्ग डॅन्यूब नदीकाठचा आहे. तो ‘युरोवेलो ६’ चा भाग आहे. हा मोठा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रुमानियात काळ्या समुद्रापर्यंत दहा देशांतून सुमारे ४,४५० किलोमीटर जातो. कुटुंबासाठी त्यातला जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हा सुमारे ३२० किलोमीटरचा तुकडा आणि पुढे स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावापर्यंतचे ६५ किलोमीटर पुरेसे आहेत. एकूण अंतर साधारण मुंबई ते कोल्हापूर इतके होते, पण मध्ये बोरघाट नाही.

नदीच्या प्रवाहाबरोबर जात असल्याने उतार आपल्या बाजूचा असतो. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आणि व्हिएन्ना सुमारे १६० मीटरवर आहे. म्हणजे उतार एवढा सौम्य, की तो जाणवतही नाही. चढ मात्र लागत नाहीत. वाराही बहुतेकदा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून येतो. त्यामुळे उलट दिशेने, व्हिएन्नाहून पासाऊला जाण्याचा बेत मुलांसह करू नये.

टप्पे साधारण असे पडतात:

• पासाऊ ते श्लोगेन: सुमारे ४३ किमी. इथे नदी डोंगरात मोठा वळसा घेते. डाव्या काठाने येणाऱ्यांना सायकलसह छोट्या होडीने पुढे जावे लागते. मुलांना हा भाग फार आवडतो.
• श्लोगेन ते लिंझ: सुमारे ५० किमी. मुले असतील तर मध्ये आशाख येथे मुक्काम करून दोन दिवसांत करावा.
• लिंझ ते ग्राइन: सुमारे ६२ किमी. हाही दोन दिवसांचा. वाटेत माउटहाउझेन लागते. तिथे १९३८ ते १९४५ या काळात नाझींची छळछावणी होती आणि आज स्मारक आहे. लहान मुलांना तिथे न्यायचे की नाही, हे आईवडिलांनी आधीच ठरवून ठेवावे.
• ग्राइन ते मेल्क: सुमारे ४७ किमी. मेल्कचा पिवळा भव्य मठ दुरूनच दिसतो.
• मेल्क ते क्रेम्स: सुमारे ३७ किमी. या भागाला वाखाउ म्हणतात. द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागांचे हे खोरे २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.
• क्रेम्स ते टुल्न: सुमारे ४५ किमी.
• टुल्न ते व्हिएन्ना: सुमारे ३७ किमी. शहरात शिरताना नदीतले २१ किलोमीटर लांबीचे कृत्रिम बेट लागते. तिथे गाड्यांना प्रवेश नाही.
• व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा: सुमारे ६५ किमी. पूररेषेच्या बांधावरून जाणारा लांब, सरळ आणि उघडा रस्ता. ऊन आणि वारा दोन्ही लागतात, म्हणून हाइनबुर्गला मुक्काम करून दोन दिवसांत करावा.

शेवटच्या टप्प्यात मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. १९८९ पर्यंत या सीमेवर काटेरी तारा आणि बंदूकधारी पहारेकरी होते. ब्रातिस्लावाजवळच्या देविन किल्ल्याखाली, सीमा ओलांडताना मारल्या गेलेल्या लोकांचे स्मारक आहे. आज तीच सीमा मूल पेडल मारत पार करते. पासपोर्ट मात्र बॅगेच्या तळाशी ठेवू नयेत. शेंगेन क्षेत्रातही काही देशांनी सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे.

कोणत्या वयाचे मूल कशावर?

• सुमारे १ ते ४ वर्षे: सायकलच्या मागे जोडायचा ट्रेलर, म्हणजे दोन चाकांची झाकलेली गाडी. त्यात पट्टे असतात, पाऊस लागत नाही आणि मूल झोपू शकते. दोन लहान मुले शेजारी बसतात. मूल आधाराशिवाय नीट बसत नसेल आणि मान पक्की धरत नसेल, तर सहल पुढे ढकलावी.
• मागच्या कॅरियरवरची सीट: साधारण २२ किलोपर्यंतच्या मुलासाठी. ती स्वस्त आणि हलकी असते, पण मूल झोपले की मान लटकते आणि सायकल थांबवताना तोल जाऊ शकतो. दिवसभराच्या प्रवासाला ट्रेलर बरा.
• ४ ते ७ वर्षे: मुलाची सायकल मोठ्यांच्या सायकलला दांड्याने जोडता येते. मूल दमले की जोडायची, मोकळा रस्ता आला की सोडायची. सर्वांत उपयोगी साधन हेच.
• ७-८ वर्षांपुढे: स्वतःची गिअरची सायकल. सपाट रस्त्यावर दिवसाला २० ते ३५ किलोमीटर जमतात. पहिल्या दोन दिवसांत २० च्या पुढे जाऊ नये.

मुंबईहून सायकली विमानाने नेता येतात. त्यासाठी पेडल काढून, हँडल वळवून त्या खोक्यात बांधाव्या लागतात आणि विमान कंपनीकडे आधी नोंद करावी लागते. चार जणांच्या कुटुंबाला पासाऊत भाड्याने सायकली घेणे बहुधा सोपे पडते. तिथे मुलांच्या सायकली आणि ट्रेलरही मिळतात आणि सायकली व्हिएन्नात परत करण्याची सोय असते. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला गाडीने पोहोचवणाऱ्या सेवाही या मार्गावर आहेत.

भाड्याची सायकल घेताना एक गोष्ट नक्की तपासावी. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. तिकडे तो अनेकदा डाव्या हाताला असतो. काही सायकलींना उलटे पेडल मारून लागणारा ब्रेकही असतो. मुलाला मोकळ्या जागेत अर्धा तास सराव दिल्याशिवाय निघू नये.

व्हिसा: इथे घाई महागात पडते

या तिन्ही देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा लागतो. शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे, त्याच्याकडे अर्ज करायचा. या मार्गावर तो देश ऑस्ट्रिया. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. पण एप्रिल-मेच्या सुटीसाठी मुंबईत भेटीची वेळ मिळणेच अवघड जाते, म्हणून जानेवारीतच तयारीला लागावे.

जून २०२४ पासून व्हिसाचे शुल्क प्रौढांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. म्हणजे आईवडील, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे कुटुंब असेल, तर २२५ युरो होतात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून विमानाची आणि मुक्कामाची आरक्षणे शक्यतो रद्द करता येण्यासारखी घ्यावीत.

आणखी काही मुद्दे:

• प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा असतो. जन्मदाखला लागतो. एकच पालक बरोबर जात असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र लागते.
• भारतात मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू असायला हवा. आईवडिलांचा चालू आणि मुलाचा संपलेला, ही नेहमीची चूक आहे.
• प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा हवा. त्यात सायकल चालवताना झालेली दुखापत आणि आपल्यामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान धरले आहे का, ते पाहावे.
• अर्जासोबत रोजच्या मुक्कामाचा तक्ता द्यावा लागतो. ‘जिथे दमू तिथे थांबू’ हे उत्तर चालत नाही.
• डॅन्यूबने हंगेरीच्या पुढे जायचे असेल, तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही हे लक्षात ठेवावे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर शेंगेनबाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येत नाही.

देशागणिक बदलणारे नियम

सर्वांत मोठा बदल म्हणजे रहदारी उजवीकडून चालते. मोठ्यांना ते दोन दिवसांत जमते, पण मूल घाबरले की सवयीने डावीकडे वळते. म्हणून पहिले दोन दिवस एक मोठा माणूस मुलाच्या पुढे आणि एक मागे, असेच चालवावे.

• जर्मनी: आठ वर्षांखालील मुलांनी पदपथावरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या केलेल्या सायकलपट्ट्यावरून जायचे असते. दहा वर्षांपर्यंत पदपथाची मुभा आहे. आठ वर्षांखालील मुलाबरोबर १६ वर्षांवरील एक जण पदपथावर सायकल चालवू शकतो. रस्ता ओलांडताना मात्र मुलाने उतरायला हवे.
• ऑस्ट्रिया: १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे. ट्रेलरमध्ये बसलेल्या मुलालाही.
• स्लोव्हाकिया: १५ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे, गावाबाहेरच्या रस्त्यांवर मोठ्यांनाही.
• फ्रान्स: २०१७ पासून १२ वर्षांखालील मुलांना सक्ती.
• नेदरलँड्स: साध्या सायकलवर सक्ती नाही.

सोपा उपाय एकच: सगळ्यांनी, सगळीकडे हेल्मेट घालावे. तातडीच्या मदतीसाठी युरोपीय संघात सर्वत्र ११२ हा क्रमांक चालतो.

हवा, पूर आणि गोचीड

मुंबईच्या शाळांची उन्हाळी सुटी या मार्गाला सोयीची आहे. मे महिन्यात हवा गार असते, पाऊस अधूनमधून येतो आणि सूर्य रात्री आठनंतर मावळतो. मुंबईच्या मुलाला सकाळी स्वेटर लागेल. दिवाळीच्या सुटीत मात्र थंडी वाढलेली आणि दिवस लहान झालेला असतो.

नदीकाठचा रस्ता म्हटल्यावर पुराचा विचार आलाच. जून २०१३ मध्ये पासाऊत पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते. तिथल्या पाच शतकांतला तो सर्वांत मोठा पूर होता. निघण्याआधी आणि वाटेत पाण्याच्या पातळीची माहिती बघत राहावी. रस्ता बंद असेल, तर काठाने जाणाऱ्या रेल्वेने तो टप्पा ओलांडावा. प्रादेशिक गाड्यांत सायकलचे वेगळे तिकीट मिळते.

आपल्याकडच्या पालकांना सहसा माहीत नसलेला धोका म्हणजे गोचीड. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि दक्षिण जर्मनीतल्या गवतात आणि झाडीत असलेल्या गोचिडींच्या चाव्यातून मेंदूला सूज आणणारा विषाणू शरीरात जाऊ शकतो. त्यावर लस आहे, पण ती एकाहून अधिक मात्रांत घ्यावी लागते. त्यामुळे मुलांच्या डॉक्टरांशी दोन-तीन महिने आधी बोलावे. गवतात बसताना लांब पँट घालावी आणि रोज संध्याकाळी मुलांची मान, काखा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची मुळे तपासावीत.

खाणे

रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रियात बहुतेक किराणा दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, फळे आणि पाणी भरून ठेवावे. शाकाहारी कुटुंबांचे चीज, बटाटे, सूप आणि पास्ता यांवर भागते, पण छोट्या गावातल्या खाणावळीत पर्याय कमी असतात. खाकरा आणि चिवडा बरोबर नेता येतो. मात्र युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, पनीर आणि तूप घरीच ठेवावे. ताज्या फळभाज्यांनाही प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, ड्युरियन आणि खजूर एवढीच त्यातून सूट आहे. आंबा त्या यादीत नाही. मे महिन्यातली हापूसची पेटी आणि घरचा कढीपत्ता, दोन्ही विमानतळावर जातील.

मुलुंडमध्ये राहून तयारी

ट्रेलर घेऊन मुलुंडच्या रस्त्यांवर सराव करणे शहाणपणाचे नाही. पण मुलाला शिकवायच्या गोष्टींसाठी सोसायटीचे आवारही पुरते: सरळ रेषेत चालवणे, हात दाखवून वळणे, ‘थांब’ म्हटल्याबरोबर थांबणे, मागे पाहताना तोल न जाऊ देणे. चौथी गोष्ट सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाची. रोज अर्धा तास याप्रमाणे तीन महिने पुरतात.

त्यानंतर एक चाचणी सहल करावी. सायकली टेम्पोत घालून अलिबाग परिसरातल्या कमी रहदारीच्या रस्त्यांवर दोन दिवस, एक रात्र मुक्काम. सकाळी लवकर निघायचे आणि ऊन चढायच्या आत थांबायचे. मूल दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून सायकलवर बसले, तर युरोपचा बेत करावा. रडायला लागले, तर वर्षभर थांबावे. डॅन्यूब कुठे जात नाही.

खर्चापलीकडचा प्रश्न

ही सहल प्रत्येक घराला परवडणारी नाही. पण तिच्यातून कळणारी गोष्ट प्रत्येक घराशी संबंधित आहे. मुंबई महापालिकेने तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून धारावीपर्यंत सुमारे ३९ किलोमीटरच्या सायकल मार्गाची योजना आखली होती. कागदावरचा हा मार्ग लहान मुलाला रोज निर्धास्तपणे वापरता येईल असा सलग रस्ता झाला, तर मुलुंडच्या मुलाला सायकल चालवण्यासाठी पासाऊ गाठावे लागणार नाही.

नेदरलँड्समधल्या पालकांनी पन्नास वर्षांपूर्वी हीच मागणी केली होती. त्यांना देश पार करायचे नव्हते. मूल शाळेत सायकलने जाऊन सुखरूप घरी यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.